ओळखीचा भाव

मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळी अकरा.
नोकरी लागली. वय एकोणसत्तर. अर्ज केला नव्हता, मुलाखत कुंपणावरून झाली.

शेजारची टॅम्सिन कपडे वाळत घालत होती. ती मोटेलच्या काउंटरवर असते, आणि आमच्याकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, तिला मान वर करायला वेळ नसतो. नवरा खाणीवर, दोन आठवडे तिकडे नि एक आठवडा इकडे. म्हणाली, फिल, एकोणीस तारखेला शाळा सुटतेय, सुट्टीत मुलं दिवसभर तुमच्याकडे राहिली तर चालेल का हो? बिली बारा वर्षांची, जॅस्पर पाच. मी म्हटलं, चालेल की. ती म्हणाली, काय द्यायचं-घ्यायचं ते आपण नंतर बघू. आणि का कोण जाणे, एकदम लाल झाली.

पैशाचा विषय निघाला की लाल होणारी माणसं मला आवडतात. मीही होते.

ही वही मागच्या ख्रिसमसला लिओनीने पाठवली होती. प्रत्येक पानावर वर छापलंय, ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?’ वर्षभर कोरी पडून होती. आता ते वाक्य खोडून तिथे ‘दर’ असं लिहिते.

दर: ठरायचा आहे.

बुधवार, १० डिसेंबर
हे नुसतं पैशासाठी नाही. इथे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा माझ्याशीच वाद नको.

लिओनी माझी मुलगी. पर्थला असते. ऑगस्टमध्ये मी मागच्या पायऱ्यांवरून पडले (पायरी ओली होती, चूक पायरीची). सप्टेंबरमध्ये एक पातेलं जळलं (तेव्हा लिओनीचाच फोन चालू होता, चूक कुणाची ते मी बोलत नाही). तेवढ्यावरून तिने तिच्या घराजवळच्या एका ‘व्हिलेज’चं माहितीपत्रक पाठवलं. व्हिलेज म्हणे! गाय नाही, चर्च नाही, पब नाही. दीडशे खोल्या, आणि प्रत्येक न्हाणीघरात ओढायला एक लाल दोरी. फोटोतल्या सगळ्या बायका एकाच विनोदाला हसतायत. हे घर विकायचं आणि त्या विनोदात सामील व्हायचं.

माझ्या नवऱ्याला, लेसला, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी इथे एकटी राहते आणि उत्तम राहते. त्याने लावलेल्या लिंबाला अजून फांदी वाकेल इतकी लिंबं धरतात.

लिओनी २३ जानेवारीला येतेय. म्हणाली, आई, बसून बोलू. मला ‘बसून बोलू’ असं याआधी फक्त लेसचे डॉक्टर म्हणाले होते.

माझा बेत असा. ती आली की तिच्यापुढे बँकेचा कागद ठेवायचा. जिच्या भरवशावर लोक पोटची पोरं सोडून जातात आणि वर पैसे मोजतात, तिला स्वतःला कुणाच्या भरवशावर ठेवायचं कारणच काय? याला उत्तर नाही. मी रात्रभर शोधलं, मलाच सापडलं नाही.

फक्त दर ठरवायचा राहिलाय.

गुरुवार, ११ डिसेंबर
वाचनालयात गेले होते. फळ्यावर एका कॉलेजच्या मुलीची चिठ्ठी: मुलं सांभाळीन, ताशी पंचवीस डॉलर. शेजारी हसरा चेहरा काढलाय. पंचवीस घेत असेल तर हसेल नाही तर काय.

मी सोळा वर्षांची असताना डॉक्टर फिनुकेनांची चार मुलं सांभाळायची. रात्रीचे दोन डॉलर. ते कॉन्व्हेंट शाळेतली सिस्टर बेनिग्नस दुसऱ्या दिवशी मिशनच्या पेटीत टाकायला लावायची.

पंचवीस गुणिले आठ तास, दोनशे. आठवड्याचे हजार. पाच आठवडे, पाच हजार. मागच्या पायऱ्यांना कठडा. पत्र्याला रंग. पर्थचं विमानाचं तिकीट, जाऊन-येऊन. ‘येऊन’ महत्त्वाचं.

दर: २५.

शुक्रवार, १२ डिसेंबर
पलीकडच्या मर्वला सहज म्हणून सांगितलं. मर्व ऐंशीचा आहे. सगळं आयुष्य मेंढ्या कातरण्यात गेलं, आता फक्त झुकिनी लावतो आणि कुणी जागं व्हायच्या आत सगळ्यांच्या दारात ठेवून पळतो. पंचवीस ऐकून तो कुंपणाला टेकला. म्हणाला, फिल, तू पोरं सांभाळणार आहेस की त्यांची ऑपरेशनं करणार आहेस?

म्हणाला, या गल्लीत पूर्ण भाव फक्त परक्याला लावतात. तुझं फाटक मी बिअरच्या सहा बाटल्यांवर बसवून दिलं. माझ्या पँटच्या कडा तू झुकिनीच्या बदल्यात शिवतेस. ओळखीचा भाव लाव बाई, नाहीतर कुणी तुला चहाला बोलवायचं नाही.

मी म्हटलं, ओळखीचा म्हणजे किती? त्याने आकाशाकडे बघितलं. शेजार म्हणून वीस टक्के कमी. आणि लेसच्या आजारपणात टॅम्सिनच्या नवऱ्याने अकरा वेळा गाडीतून नेलं-आणलं होतं ना, त्याचे त्यावर आणखी दहा.

मी तिथल्या तिथे सांगितलं, म्हणजे तीस टक्के, म्हणजे साडेसतरा. कागद लागला नाही. कॉन्व्हेंटमध्ये तोंडी गणिताची निळी रिबन सबंध वर्ष माझ्याकडे होती. मर्व म्हणाला, असेल बुवा.

दर: १७.५०.

रविवार, १४ डिसेंबर. चर्चमधल्या मासनंतर.
आता हे टॅम्सिनला सांगायचं कसं?

सिस्टर बेनिग्नसचा नियम आज प्रार्थनेच्या मधेच आठवला. सभ्य मुलगी पैशाचा आकडा तोंडाने उच्चारत नाही. लिहिते, घडी घालते आणि दुसरीकडे बघत देते. शिष्टाचाराचा तास शुक्रवारी दुपारी असायचा. नुकतीच मेण लावलेली फरशी, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, पांढरे हातमोजे मांडीवर. आम्ही चाळीस मुली एकमेकींना कोरे कागद घडी घालून देत होतो आणि दुसरीकडे बघत होतो. चाळीसातल्या किती जणींना पुढे पैसे मिळाले, कोण जाणे. दुसरीकडे बघायला मात्र सगळ्या शिकलो.

ठरलं. लिहून द्यायचं.

रविवार, २१ डिसेंबर
सात मसुदे. पहिला वाचून वाटतं कुणीतरी वारलंय. तिसरा वाचून वाटतं मी वारलेय. शेवटी फक्त: ‘प्रिय टॅम्सिन, ताशी साडेसतरा डॉलर. तुझी, फिलोमेना हेनेसी.’ अक्षर मात्र असं आलंय की सिस्टरने चौकट करून लावलं असतं.

चांगला कागद घरात नव्हता. ख्रिसमसचं एक कार्ड उरलं होतं, त्याच्या आत लिहिलं. सोनेरी काठाचं पाकीट. उद्या सकाळी द्यायचं.

सोमवार, २२ डिसेंबर. रात्रीचं जेवण झाल्यावर.
पहिला दिवस.

टॅम्सिन सकाळी साडेसातला आली, गाडी चालूच. मी पाकीट पुढे केलं आणि नियमाप्रमाणे दुसरीकडे बघितलं. ती म्हणाली, अगं बाई, तुम्ही कशाला! आणि माझ्या गालाचा मुका घेतला. आमचीपण कार्डं आहेत हो, पण या वर्षी काही लिहून झालं नाही. आमच्याकडे सगळी दोरीवर लावतो आणि ख्रिसमसच्या सकाळी एकदम उघडतो. मुलांना मजा वाटते.

गेली.

म्हणजे ख्रिसमसच्या सकाळी, भेटवस्तूंच्या ढिगात, दोन लेकरांच्या देखत, ती माझं बिल उघडणार.

मुलं गुणी आहेत. बिलीकडे एक निळी वही आहे, सारखं काहीतरी टिपत असते. लिहिण्याची आवड दिसते, उत्तेजन द्यायला हवं. पण जरा घाबरट आहे. मागच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, मिसेस एच, हात द्या ना, मला इथे भीती वाटते. बिचारी. धरला हात. दुपारी धक्क्यावरून समुद्रात उलटी उडी मारली. मुलांची भीती मोठी विचित्र असते.

माझ्या सकाळच्या गोळ्या घेतल्या का, तेही विचारलं. आपलेपणा लागतो मुलांना.

बुधवार, २४ डिसेंबर
आज मी चोरी केली. फादरना सांगायचं की नाही ते नंतर ठरवीन, कारण वस्तू माझीच होती.

टॅम्सिनकडे संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मी पॅव्हलोवा नेला, अंड्याच्या पांढऱ्या फेसाचा केक. हवेत दमटपणा होता म्हणून तो मधे थोडा बसला होता. मर्व म्हणाला, थोडा नाही फिल, यावर कुणीतरी बसलंय. आणि दोनदा घेतला.

कार्डांची दोरी बोळात, डोक्याच्या वर. सगळे बाहेर अंगणात जमल्यावर मी स्टूल घेतलं (पक्कं होतं, मी हलवून बघितलं), सोनेरी पाकीट काढलं आणि त्या जागी साधं कार्ड अडकवलं. पर्स बाहेर राहिली होती. माझी आई सुटे पैसे जिथे ठेवायची तिथे पाकीट ठेवलं.

वळले तर दारात बिली. पुढे आली, मला हात देऊन स्टुलावरून उतरवलं आणि स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. संस्कार चांगले आहेत त्या घरात.

दर: नव्या वर्षात सांगायचा. सणासुदीला बरं दिसत नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर
लिओनीचा फोन. मी हळूच सोडून दिलं की हल्ली मी कामात आहे, शेजारची दोन मुलं माझ्या जबाबदारीवर आहेत. मग म्हणाली, छान झालं आई. तीनदा म्हणाली. आईचा अभिमान वाटला की होतं असं.

मग म्हणाली, पॅव्हलोवा बसला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मी तिला पॅव्हलोव्याचं बोललेच नव्हते. मुलीला आईच्या आवाजावरून कळतं.

मंगळवार, ३० डिसेंबर. ४१ अंश.
उत्तरेचा वारा, इथे तो वाळवंटावरून येतो. बिलीने सकाळीच सगळे पडदे ओढून घेतले, पाण्याचा जग माझ्या खुर्चीशी आणून ठेवला आणि म्हणाली, अर्ध्या तासाने एक पेला प्यायचा, बरं का, आपण तिघांनी. मीच हे सांगणार होते.

तिला स्वयंपाकाचीही हौस आहे. मी शेगडी वापरली की म्हणते, मिसेस एच, बंद मी करू? मला बटण फिरवायला आवडतं. आज तीनदा फिरवलं. एकदा तर मी स्वयंपाकघरात नसतानाच फिरवलं. या वयात अशी गोडी लागली पाहिजे. आमच्या वेळी सिस्टर्स यालाच गृहविज्ञान म्हणायच्या आणि फी वेगळी घ्यायच्या.

मुळात दराचा नीट विचार झालेला नाही. हे नुसतं सांभाळणं नाही, ही शिकवणी आहे. ताशी पाच जास्त.

दर: २२.५०.

सोमवार, ५ जानेवारी
आज सांगायचंच. आरशासमोर म्हणून बघितलं. ‘साडे’पर्यंत येतं. पुढे आवाज बंद.

संध्याकाळी टॅम्सिन दारात, हातात ओलं पोतं. भाऊ बोटीवर असतो तिचा. दोन क्रेफिश, कवचाचे, लांब मिशांचे, पोत्यात हलतायत. म्हणाली, घ्या हो फिल, तुमचं आमच्यावर किती आहे. आता हातात जिवंत क्रेफिश असलेल्या बाईशी मी ताशी भावाचं काय बोलू?

बसून हिशोब केला. बंदरावर ही जोडी दीडशेला जाते. मुलं डबा आणतात, पण तीन डबे आणतात, तिसरा मी खाते. शुक्रवारी बिलीने माझ्या खिडक्या पुसल्या. टॅम्सिनचा नवरा आला होता तेव्हा माझ्या पत्र्याची पन्हळ साफ करून गेला. हे सगळं ओळखीच्या भावाने वजा केलं, तर मीच त्यांना एकतीस डॉलर देणं लागते.

हे बरोबर नसणार. पण गणित कधी चुकत नाही माझं. जर्दाळूच्या जॅमच्या दोन बाटल्या कुंपणावरून दिल्या.

दर: ११. यापुढे भेटी घ्यायच्या नाहीत.

(क्रेफिश अप्रतिम. एक मर्वला दिला.)

शुक्रवार, ९ जानेवारी
मुलांना समुद्रावर नेलं. जीवरक्षकांच्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं, असं बजावलं आणि छत्रीखाली बसून डोळे मिटून लक्ष ठेवलं. उघडले तेव्हा माझ्या तोंडावर टोपी होती, पायांवर ओला टॉवेल, आणि सावली सरकली तशी कुणीतरी छत्रीही सरकवली होती. बिली शेजारीच बसलेली. अंग कोरडं. म्हणजे पाण्यात गेलीच नाही. म्हटलं, अगं, इतक्या उन्हात पोहायचं सोडून? म्हणाली, तुम्ही एकट्या पडाल ना.

इतका जीव लावलाय पोरांनी. अशा ठिकाणी पैसे मागणं जड जातं.

जातं म्हणजे मागायचे नाहीत असं नाही.

बुधवार, १४ जानेवारी
महत्त्वाचं!

आइसक्रीम खाताना जॅस्पर म्हणाला, तुझे पैसे बिलीला मिळतात, मला नुसतं आइसक्रीम. हे काय बरोबर आहे? बिलीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता सगळं जुळलं. टॅम्सिनला माझ्या हातात पैसे ठेवायला लाज वाटते, म्हणून ती माझा पगार बिलीकडे देतेय. आणि बिली तो माझ्यापर्यंत पोचवत नाही. म्हणूनच ती वही. म्हणूनच माझ्या घरात ही धावपळ, गोळ्या घेतल्या का, पाणी प्या. मन खात असणार तिचं.

बारा वर्षांची. अशी गोड.

गुरुवार, १५ जानेवारी
मर्वशी बोलले. नाव न घेता. म्हटलं, समजा एका मुलीकडे दुसऱ्याचे पैसे येतात. त्याने पाच मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि मग जे हसायला लागला ते खोकला येईपर्यंत. डोळे पुसत म्हणाला, फिल, लेस म्हणायचा, आपल्या बायकोच्या हातात नकाशा दिला की समुद्रसुद्धा हरवतो. मग म्हणाला, लिओनीला विचार जा.

यात लिओनीचा काय संबंध? म्हातारपण आलं मर्वला. झुकिनी परत पाठवली.

(मग वाईट वाटलं. आणली.)

सोमवार, १९ जानेवारी
बिलीला समोर बसवलं. आवाज मऊ ठेवला, सिस्टर इग्नेशियस ठेवायची तसा. ती आमच्याशी असं बोलायला लागली की न केलेली पापंसुद्धा आम्ही कबूल करायचो. म्हटलं, बिली, तुझ्याकडे माझं काही आहे का गं?

पोरीच्या तोंडावरचा रंग उडाला. वही पाठीमागे लपवली. म्हणाली, मी आईला विचारून सांगते, मिसेस एच.

गुन्हा सिद्ध. क्षमा करायचं ठरवलंय. पण लिओनी आल्यावर, सगळ्यांसमोर, म्हणजे तिला कळेल की आपल्या आईचा व्यवहार किती पक्का आहे आणि मन किती मोठं.

शुक्रवार, २३ जानेवारी
लिओनी आली. बारीक झालीय. घरात शिरल्या शिरल्या शेगडीकडे बघितलं, मग मागच्या पायऱ्यांकडे, मग माझ्याकडे. या क्रमाने.

तिच्या आवडीचं ‘पोटॅटो पाय’ केलं. दोनदा घेतलं. व्हिलेजचं माहितीपत्रक तिच्या बॅगेतून डोकावत होतं, ते मी आत ढकललं.

उद्या दहा वाजता बसून बोलायचं. टॅम्सिन आणि बिलीलाही बोलावलंय. मी बोलावलं. लिओनी म्हणाली, मीही तेच म्हणणार होते. मायलेकींचं किती जुळतं.

शनिवार, २४ जानेवारी. दुपारी तीन.
लिहून टाकते. झालं तसं.

टेबलाशी चौघी बसलो. जॅस्पर खाली गाडी फिरवत होता. मी सुरुवात केली. म्हटलं, या घरातून गेला महिनाभर माझे पैसे बाहेर चाललेत, आणि ते कुणाकडे जातात ते मला ठाऊक आहे, आणि मी रागावलेले नाही. टॅम्सिन लाल झाली. बिली रडकुंडीला आली. लिओनी म्हणाली, आई, पैसे मी देते.

मी म्हटलं, तू कशाला देशील? टॅम्सिनने द्यायचे.

ती म्हणाली, बिलीला मी देते.

कशाचे?

टेबलाखालून जॅस्पर म्हणाला, तुझे.

मग लिओनीने सांगितलं. नोव्हेंबरमध्ये तिनेच टॅम्सिनला फोन केला होता. म्हणाली, तू आपणहून कुणाला घरात येऊ देशील का, आई? म्हणून मुलं तुझ्याकडे पाठवायची असं सांगितलं आम्ही. तू मुलांना नाही म्हणणार नाहीस म्हणून.

मी उठले आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिले. मागच्या पायऱ्या एकटीने उतरले, कुणी हात द्यायला नव्हतं. चार लिंबं तोडली. काय करायची होती, माहीत नाही. परत आले तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. लिओनी माझ्याकडे बघत नव्हती. लहानपणी कपबशी फोडली की अशीच बसायची.

मी म्हटलं, वही वाच.

बिलीने वाचली. उभं राहून, शाळेत वाचतात तशी. गोळ्या, बावीस दिवसांपैकी दोनदा विसरल्या. शेगडी, चारदा चालू राहिली. पायऱ्या, घसरल्या नाहीत, पण उतरताना बोलत असतात. २४ डिसेंबर, आमच्या दोरीवरचं एक पाकीट घेतलं आणि फ्रॉकमध्ये घातलं, त्यांचंच असावं, विचारलं नाही. ९ जानेवारी, समुद्रावर एक तास दहा मिनिटं झोपल्या, घोरल्या, खूश होत्या.

टॅम्सिनने तोंडावर हात धरला. मर्व कुंपणापलीकडे झुकिनीला पाणी घालत होता. त्याच वाफ्याला. अर्धा तास.

लिओनीने विचारलं, बिली, तुला काय वाटतं, राहू शकेल का इथे? मला नाही, तिला विचारलं. आणि मीही तिच्याकडेच बघत बसले. लेसच्या वेळी डॉक्टरांकडे बघत बसले होते तशी.

बिलीने पान उलटलं. म्हणाली, सकाळी अगदी ठीक असतात. चारनंतर थकतात. पायऱ्यांना कठडा हवा. आपोआप बंद होते तशी शेगडी हवी. शिट्टी वाजणारी किटली हवी, साधी नको. आणि रोज चारला कुणीतरी यायला हवं. शाळा सुटल्यावर मी येऊ शकते.

लिओनीने विचारलं, किती घेशील? ती म्हणाली, एक तासाचे आठ डॉलर. इतरांना मी पंधरा सांगते.

पापणी लवली नाही पोरीची. दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही.

लिओनी म्हणाली, एक वर्ष बघू. माहितीपत्रक बॅगेतच राहिलं.

जाताना बिलीला दारात थांबवलं. म्हटलं, उन्हाळ्याचे किती घेतलेस माझे? म्हणाली, दिवसाला बारा, जॅस्परचे काहीच नाहीत, तो भाऊ आहे. खरं तर वीस घेते, पण तुम्ही म्हणून. ओळखीचा भाव. मी विचारलं, हा दर ठरवायला तुला किती दिवस लागले?

तिला प्रश्नच कळला नाही.

मंगळवार, २७ जानेवारी
लिओनी सकाळी गेली. शेगडी आली. मर्व आणि टॅम्सिनच्या नवऱ्याने मिळून कठडा बसवला. बिअरच्या चोवीस बाटल्या आणि जॅम. मर्व हसत होता म्हणून त्याला जॅम कमी दिला.

नवी किटली भयंकर ओरडते. सिस्टर बेनिग्नसची आठवण येते.

गुरुवार, २९ जानेवारी
शाळा सुरू झाली. घर फार मोठं वाटलं. तीनपासून घड्याळ बघत नव्हते.

चार वाजून पाच मिनिटांनी बिली. पाच मिनिटं उशीर, मी नोंद केलीय. गोळी, पाणी, शेगडी, पायऱ्या. कठडा आहे तरी हात धरला, सवय एकदम मोडत नाही.

मग तिने गृहपाठ काढला. गणित! शंभर डॉलरचे बूट, वीस टक्के सूट, त्यावर आणखी दहा टक्के, तर किंमत किती? मी कागदही मागितला नाही. तीस टक्के, सत्तर डॉलर. ती म्हणाली, नक्की ना? मी तिला निळ्या रिबनीचं सांगितलं. तिने लिहिलं.

आणि मग मला काय झालं कोण जाणे. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, शिकवणीचे पाच डॉलर.

म्हटलं! तोंडाने. आकडा. स्वच्छ आवाजात.

ती म्हणाली, ठीक आहे. आणि खिशातून काढून दिले. एवढंच असतं ते? सबंध जन्म मी दुसरीकडे बघण्यात घालवला.

नोट वहीत ठेवलीय. दर: ५. ठरला.

शुक्रवार, ३० जानेवारी
बिली चारच्या ठोक्याला. वहीवर लाल फुली. बाई म्हणाल्या, दुसरे दहा टक्के शंभरावर नाही, उरलेल्या ऐंशीवर लागतात. उत्तर बहात्तर.

म्हणजे मर्वने सांगितलेला दर साडेसतरा नव्हताच, अठरा होता. पहिल्यापासून माझं ताशी पन्नास सेंटचं नुकसान होत होतं.

बिलीने हात पुढे केला. मी वहीतली पाचाची नोट परत दिली. तिने खिसे चाचपून दोनाचं नाणं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. तीनच घेतले. म्हणाली, ओळखीचा भाव.

उन्हाळ्याची एकूण कमाई: दोन डॉलर.